दहावीला लेखनिक घ्यावा की नुसता वाढीव वेळ?

सईची_आई: मुलगा नववीत, मराठी माध्यम, राज्य मंडळ. सरकारी रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालंय. तोंडी विचारलं तर प्रकाशसंश्लेषण घडाघडा सांगतो, पण लिहायला बसला की काना-वेलांटीतच अडकतो. सहामाहीला विज्ञानाची शेवटची दोन पानं कोरीच राहिली. शाळा म्हणते, "लेखनिक घ्या, मोकळे व्हा." तो म्हणतो, "दुसऱ्यानं लिहिलेलं माझं कसं?" आणि रडतो. काय करू?

फळा_खडू: ताई, मी विशेष शिक्षिका आहे. सवलतींची यादी आधी बाजूला ठेवा. रविवारी घरीच जुना पेपर द्या. नेमून दिलेला वेळ संपेपर्यंत निळं पेन, पुढच्या वाढीव वेळेत काळं. ताशी २० मिनिटं धरा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. काळ्या शाईत बरोबर उत्तरं आली, तर त्याला वेळच हवा आहे. काळ्या शाईत अक्षर ढासळलं, बोटं चोळत बसला, तर लेखनिक. आणि प्रश्नच चुकीचा वाचत असेल, तर लेखनिकाचा काय उपयोग? तिथे वाचून दाखवणारा माणूस लागतो. फक्त आकडेमोडीत अडत असेल, तर साध्या कॅल्क्युलेटरची परवानगी मागता येते. गणित सोडायची घाई मात्र करू नका, पुढच्या वाटा बंद होतात.

पांढरी_काठी: मी पूर्ण अंध. माझे सगळे पेपर लेखनिकानेच लिहिले. मुलाला सांगा, उत्तर त्याचंच असतं, हात तेवढा दुसऱ्याचा. पण सांगून लिहवून घेणं शिकावं लागतं. शाळेत मी "ए अधिक बीचा वर्ग" म्हणालो, लेखनिकाने वर्ग एकट्या बीवर टाकला. तेव्हापासून "कंस सुरू, ए अधिक बी, कंस पूर्ण, त्याचा वर्ग" असं बोलायला लागलो. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, त्याला 'लंबदुभाजक' माहीत असेलच असं नाही. निदान चार-सहा पेपर एकत्र सोडवा. परीक्षेच्या सकाळी पहिली भेट नको.

वकील_बाबा: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, तिन्हींचा उल्लेख आहे. ही मेहेरबानी नाही, त्यामुळे मागताना संकोच नको. अपंगत्वाची टक्केवारी ४० भरत नाही म्हणून कुणी लेखनिक नाकारला, तर विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल दाखवा. तिथे लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला तेवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मंडळाकडे प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मुख्याध्यापकांना अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

सईची_आई: सगळ्यांचे मनापासून आभार. काल विज्ञानाचा पेपर दिला. काळ्या शाईत सव्वा पान, त्यातली तीन उत्तरं पूर्ण बरोबर! इतिहासाला मात्र दीड तासातच हात दुखायला लागला. फळा_खडूताई, भाषा आणि इतिहासाला लेखनिक, बाकी विषय वाढीव वेळेत स्वतः, असं विषयवार मागता येतं का? आज त्याने स्वतःच विचारलं, "सईदीदीला सांगून लिहून बघू?"

फळा_खडू: विषयवार लिहूनच मागा, सोबत त्या दोन्ही उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स जोडा. आणि सईला बजावा, त्याचं वाक्य सुधारायचं नाही, तो जसं सांगेल तसंच उतरवायचं.