पाडवा 2022 : त्या संध्याकाळी आभाळात तुम्ही काय पाहिलंत?

2 एप्रिल 2022, अकोला. गुढी उतरवून झाली होती. मी गच्चीवरच्या कुरडया गोळा करत होते. पावणेआठच्या सुमारास पश्चिमेकडून ठिणग्यांची एक रांग निघाली आणि शांतपणे आडवी जात राहिली. आदल्याच दिवशी अमावास्या, त्यामुळे आभाळ काळंभोर होतं. आईने हात जोडले. मी मोबाईल काढायचंही विसरले. तो किंवा दुसरा कुठलाही अग्निगोल पाहिला असेल तर लिहा. कुठून कुठे गेला, किती सेकंद दिसला, आवाज आला का, हेही सांगा.

•

जळगाव. विमान पेटलं असं वाटून पोटात गोळा आला. आतल्या माणसांचं काय, एवढंच डोक्यात. आवाज अजिबात नाही.

•

माझं माहेर सिंदेवाही तालुक्यातलं. मोहफुलांचे दिवस, सगळे अंगणात बसलेले. आजी ओरडली, "अवं, आभाळ जळून राहिलं!" पोरं पळत घरात आली. थोड्या वेळाने फोन सुरू झाले की लाडबोरीत काहीतरी पडलंय. जवळपास तीन मीटर व्यासाची धातूची रिंग होती ती. नंतर आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही, पण रिंग घरावर पडली असती तर? हा विचार अजून पाठ सोडत नाही. पुढे आठवडाभर आजीने आम्हाला अंगणात झोपू दिलं नाही.

•

ती उल्का नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी चांगझेंग 3बी रॉकेटचा टप्पा परतताना वातावरणात जळाला, असं अभ्यासकांनी सांगितलं. मी मुलांना सेकंद मोजायला शिकवतो. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही सेकंदांत संपते. कक्षेतून उतरणाऱ्या तुकड्याचा वेग आठ किलोमीटरच्या आत असतो. म्हणून तो रेंगाळतो, त्याचे तुकडे होतात आणि ते एकामागोमाग चालत राहतात. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. मोठा अग्निगोल खूप खाली आला तर गडगडाट होतो, पण तोही मिनिट-दोन मिनिटांनी पोहोचतो. म्हणून प्रकाश विझला तरी लगेच घरात जाऊ नका, कान देऊन थांबा.

•

मी पाहिलेली मात्र खरी उल्का. डिसेंबर 2020, मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची रात्र. नाणेघाटाजवळ सतरंजी टाकून आम्ही दोघी पहाटेपर्यंत जागलो. बारीक उल्का खूप दिसल्या. अडीचच्या सुमारास मैत्रीण थर्मासमधून चहा ओतायला वळली आणि माझ्यासमोर हिरवट पांढरा गोळा पेटला. दोन सेकंद, फार तर तीन. आवाज नाही. मी किंचाळले, ती वळेपर्यंत सगळं संपलं होतं. मी हळहळले, पण ती चहाचा कप तसाच धरून जमिनीकडे बघत होती. म्हणाली, "अगं, आत्ता माझी सावली पडली इथे. सरकली पण."