मदत हवी आहे: घरच्या वर्कशॉपमध्ये लेथचा हेडस्टॉक कसा उतरवावा?

नमस्कार मंडळी,

बेळगावात वडगावला आमच्या घराच्या मागच्या खोलीत जुना लेथ (धातू कातायचं यंत्र) आहे. काका निवृत्त टर्नर, मी नोकरी सांभाळून त्यांच्या हाताखाली शिकतो. स्पिंडलची, म्हणजे काम फिरवणाऱ्या दांड्याची, बेअरिंगं आवाज करतायत, म्हणून तो ज्यात बसतो तो हेडस्टॉक बेडवरून, म्हणजे लेथच्या खालच्या लांब लोखंडी पायावरून, काढायचाय. काकांच्या अंदाजाने दीडशे किलो तरी भरेल.

छप्पर मंगलोरी कौलांचं, मधे जाड सागवानी तुळई. काका म्हणतात तिलाच चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) टांगूया. मला धीर होत नाही. तुळईची टोकं मातीच्या भिंतीत गेलीत आणि आपल्याकडच्या पावसात ओल नेमकी तिथंच मुरते. मधे लाकूड ठणठणीत दिसलं तरी टोकाला आतून काय झालंय ते दिसत नाही.

गॅरेजवाल्याची इंजिन क्रेन मिळेल, पण तिचे पाय लेथखाली जात नाहीत. मग बूम (क्रेनचा पुढचा हात) लांब करावा लागतो, आणि बूम जितका बाहेर तितकं वजन कमी पेलतं. पाइपची तीन पायांची घोडी करावी, तर खोलीत पूर्वी हातमाग होता. त्याचा खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी घातलीय आणि एक पाय बरोबर त्यावर येतो.

शेजारची पोरं चौघं मिळून उचलू म्हणतात. ते मी होऊ देणार नाही. बेडच्या व्ही आकाराच्या कडेवर हेडस्टॉक टेकताना मधे बोट सापडलं तर गेलंच. कुणी घरी असं काम केलंय का?

उद्यमबागचा फिटर:
दादा, तुळईचा विषय सोडाच. पण मला सांगा, उचलायचा कशाला? बेडच्या उंचीचं अँगलचं भक्कम टेबल गिअरकडच्या टोकाला लावा आणि बेडला क्लॅम्पने आवळा. गिअर, बेल्ट, वायरिंग सोडवा, डोवेल पिन (जागा पक्की धरणाऱ्या खुंट्या) काढा, बेडवर तेल सोडा आणि हेडस्टॉक हळूहळू टेबलावर सरकवा. खाली कुठं अडतोय का ते आधी टॉर्च लावून बघा.

उचलावाच लागला तर घोडीचे पाय एकमेकांना साखळीनं बांधा, नाहीतर फाकतात. खड्ड्याच्या जागी लांब लोखंडी चॅनल आडवा टाका, दोन्ही टोकं पक्क्या जमिनीवर. वजन बरोबर मधे. तिरकं ओढायचं नाही. वजन उचलायचा जांभळा पट्टा एक टनाचा असतो, तो पुरे. पण स्पिंडलला अडकवू नका, हेडस्टॉकच्या ओतीव अंगाखालून घ्या आणि धारेवर जाड रबर ठेवा. पट्टे फार फाकवू नका: आडव्याशी 30 अंशाचा कोन झाला की दोन पट्ट्यांतल्या प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा ताण येतो. दोन इंच उचलून थांबा. कलला तर खाली टेकवून पट्टा सरकवा, हातानं सावरायला जाऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता:
टेबलाचं पटलं, काकांनाही. पण गिअरकडे भिंत हातभरच लांब आहे.

उद्यमबागचा फिटर:
मग आधी लेथ पुढं घ्या. फाउंडेशन बोल्ट सोडा, पहारीनं एक टोक, लेथ ज्यावर सरकवायचा तो पाइप जेमतेम जाईल एवढंच उचला. एका वेळी एकच टोक. खाली ठोकळा गेल्याशिवाय पहार सोडायची नाही. हेडस्टॉककडे वजन जास्त असतं, त्या बाजूनं लेथ कलंडतो. तिथं कुणाला उभं करू नका. खड्ड्यावरून नेताना खाली जाड फळ्या टाका. काकांना पहारीवर ठेवू नका, बाजूला उभं राहून आवाज देऊ देत.