दाढीनंतर चेहऱ्याला सुगंध फासायलाच हवा का?

तांबडा_गाल (धागाकर्ता)
माझं म्हणणं सरळ आहे. दाढीच्या साबणात सुगंध असेल तर असू दे, दोन मिनिटांत धुतला जातो. पण दाढी झाल्यावर दिवसभर चेहऱ्यावर जे राहतं, म्हणजे आफ्टरशेव्ह, बाम वगैरे, त्यात सुगंध नकोच. पात्याने त्वचेचा वरचा थर नुकताच खरवडलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी आपण तिथे अल्कोहोल आणि सुगंधी रसायनांचं मिश्रण थापटतो.

युरोपात २००५ पासून ॲलर्जी करू शकणारी २६ सुगंधद्रव्यं लेबलवर नावानिशी छापावी लागतात. धुतल्या जाणाऱ्या मालात प्रमाण ०.०१ टक्क्याच्या वर गेलं तर, आणि अंगावर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्क्याच्या वर गेलं तरी. हा दहापटीचा फरक उगाच ठेवलेला नाही. २०२३ च्या नियमाने ती यादी ऐंशीच्या आसपास नेली. आपल्याकडच्या बाटल्यांवर मात्र बहुतेकदा 'परफ्यूम' एवढंच लिहिलेलं असतं. त्यात काय काय आहे, ते ओळखा!

उलटा_वस्तरा
असहमत. लोकांचे गाल सुगंधाने नाही, स्वतःच्या हाताने सोलले जातात. केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवायचे नाहीत, फेस लावला की लगेच ओढायला सुरुवात, पातं बोथट झालं तरी तेच, वर दाब देऊन उलटी दाढी. मग आग झाली की खापर बाटलीवर. मानेवर येणाऱ्या पुळ्या तर बहुतेक वेळा ॲलर्जीच्या नसतातच. कुरळा केस कापल्यावर वळून परत कातडीत घुसतो, त्याची ती सूज असते. बिनवासाचं काहीही लावा, त्या जाणार नाहीत.

तांबडा_गाल
पुळ्यांचं मान्य, तो विषयच वेगळा. पण पात्याची आग आणि ॲलर्जी यांत फरक करता येतो. लावल्या लावल्या झोंबलं आणि थोड्या वेळात शांत झालं, तर ती नुसती जळजळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज, लाल चट्टे, कानामागे किंवा पापण्यांवर सूज, असं असेल तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. पापण्यांवरून पातं फिरवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

निंबोळी
म्हणून तर म्हणते, केमिकल सोडा. तुरटी फिरवा, चंदन उगाळा, लिंबाची फोड चोळा. निसर्गातल्या वस्तूने कुणाला काही होत नाही.

म्युनिककर_मंग्या
@निंबोळी, ताई, तुरटीला माझाही हात वर, बाकीला नाही. लिंबा-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधलं लिनालूल हवेशी संयोग पावून बदलतात आणि ती बदललेली रूपंच ॲलर्जी घडवतात. म्हणजे अर्धी वापरून वर्षभर न्हाणीघरात ठेवलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रासदायक ठरू शकते. लिंबू चोळून उन्हात गेलात तर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. बर्गमॉट या लिंबासारख्या फळाच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं, त्याचाही उन्हात हाच खेळ. आणि जुन्या पुरुषी सुगंधांचा आधार असलेलं ओकमॉस? झाडावरचं दगडफूल म्हणा, शंभर टक्के नैसर्गिक. त्यातल्या ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल या घटकांवर युरोपात २०१९ पासून नव्या मालात बंदी आहे. कारखान्यात तयार होणारं लायरल हे सुगंधद्रव्य त्याच नियमात अडकलं. नैसर्गिक आणि कृत्रिम, दोघे एकाच पिंजऱ्यात!

सलूनवाला
धंद्यातलं सांगतो. गिऱ्हाईक पैसे कापण्याचे देतं आणि खूश वासाने होतं. शेवटी हातावर चार थेंब घेऊन गालावर थापटले नाहीत, तर "दाढी झाली का नाही?" म्हणून विचारतात. झोंबलं की 'औषध लागलं' असं समाधान. मेंथॉलवालं लावलं तर आणखी खूश. तुरटीचा एकच खडा सगळ्यांना फिरवायचं मात्र मी केव्हाच सोडलं. रक्त लागलेला खडा दुसऱ्याच्या गालावर, नको रे बाबा. हल्ली भुकटी पाण्यात विरघळवून कापसाने लावतो.

तांबडा_गाल
मेंथॉलने त्वचा थंड होत नाही हो. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं, म्हणून गार वाटतं. सोललेली जागा सोललेलीच.

अत्तरवेडा
तुम्ही सगळे मिळून दाढीचं इस्पितळ करणार बहुतेक. १८८२ च्या फुजेर रोयाल या फ्रेंच अत्तरापासून लॅव्हेंडर, कुमारिन (सुकल्या गवतासारख्या वासाचं द्रव्य) आणि ओकमॉस या त्रिकुटाने पुरुषांच्या सुगंधाचं एक घराणंच उभं केलं. आपण ज्याला 'सलूनचा वास' म्हणतो, त्यातलं बरंचसं याच घराण्यातलं. ओल्ड स्पाइस १९३८ चं, तेही अजून विकलं जातं. ज्यांना सोसतं त्यांनी का सोडावं? शेंगदाण्याची ॲलर्जी काहींना असते म्हणून कुणी चिक्की बंद करत नाही.

तांबडा_गाल
सोडा कुठे म्हणतोय? शर्टावर लावा. कॉलरला ॲलर्जी होत नाही.

सासुरवाशीण_पुण्याची
पुरुषांच्या चर्चेत घुसते. ज्याला सोसतं त्याने लावावं, हे इतकं सोपं नाही. नवऱ्याच्या आफ्टरशेव्हमुळे बायकोच्या गालावर किंवा मानेवर पुरळ येतं, हा त्वचारोगतज्ज्ञांना चांगला ठाऊक असलेला प्रकार आहे. तो मजेत, क्रीम बदलत फिरते ती. बाईच्या एकाच गालाला त्रास असेल, तर नवरा कुठल्या कुशीवर झोपतो तेही विचारायला हवं.

अत्तरवेडा
@सासुरवाशीण, हे नवीन होतं. घरी विचारतो, पण जपून.

पट्टीवाली_डॉक्टर
सगळा आळ सुगंधावर घालू नका. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं संरक्षक द्रव्यही तितकंच बदनाम आहे. युरोपने २०१७ मध्ये ते अंगावर राहणाऱ्या मालातून हद्दपार केलं. 'बिनवासाचं' म्हणून घेतलेल्या डब्यातही ते असू शकतं. शिवाय कच्च्या मालाचा वास झाकायला घातलेला सुगंधही कधीकधी त्यात निघतो. खरं उत्तर पॅच टेस्टने मिळतं. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवून काढतात, तेव्हा बघतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. घरच्या घरी पाहायचं तर आफ्टरशेव्ह दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावा. खाज किंवा चट्टा आला तर थांबा. साबण किंवा फेसावर हा प्रयोग करू नका. तो धुवायचा माल आहे, तसाच ठेवला तर कुणाचीही कातडी बोंबलेल.

उलटा_वस्तरा
आठवडाभर कोपर तपासा, पण त्याआधी पातं बदला की राव.

सलूनवाला
एक करतो. सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारपासून दोन बाटल्या मांडतो, एक नेहमीची, एक तुरटीच्या पाण्याची. गिऱ्हाइकाला विचारूनच लावायचं. पैज घेणार असाल तर माझे पैसे वासाच्या बाटलीवर.