आईवडिलांना परदेशात कायमचं नेऊ नये, असं माझं मत आहे

रेडिंगकर

बाबा गेले त्याला दोन वर्षं होतील. दिवसकार्य उरकलं आणि निरोप घेताना प्रत्येक नातेवाईक विचारू लागला, "आता आईला तिकडे नेणार ना?" विचारण्याच्या सुरातच उत्तर होतं.

आधी कायद्याचं सांगतो. जुलै २०१२पासून ब्रिटनचा नियम असा आहे की वयस्कर आईवडिलांना कायमचं आणायचं तर त्यांना वयामुळे किंवा आजारामुळे रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याचा आधार लागतो आणि ती देखभाल मायदेशात मिळूच शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. माझी आई ७० वर्षांची आहे, ठणठणीत आहे. म्हणजे दारच बंद. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने, तेवढंच.

पण उद्या हा नियम बदलला तरी मी आईला कायमचं नेणार नाही, आणि वाद घालायचाय तो यावरच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई आली. महिनाअखेरीस घड्याळं एक तास मागे गेली आणि डिसेंबरात तर चारच्या आत अंधार. आमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे. ज्योत दिसत नाही, म्हणून आई दर वेळी पातेल्याच्या कडेला तळहात धरून बघायची, चालू आहे की नाही. पहिल्याच आठवड्यात आमटीला फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होतो, खाली येईपर्यंत ती स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत होती, चेहरा पांढराफटक. त्या दिवसापासून ती विचारायला लागली, "फोडणी करू का रे आत्ता?" पंचेचाळीस वर्षं स्वतःचं स्वयंपाकघर चालवलेली बाई फोडणीला परवानगी मागते, हे मला बघवलं नाही.

कोथरूडला तिचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. टेकडी, भजनी मंडळ, बँकेत पासबुक भरून आणणं, खालच्या वाण्याशी दोन शब्द. इथे ती दुपारी खिडकीत उभी राहून कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांची वाट बघायची. ते हात करायचे, ही हात करायची. दिवसभरात घराबाहेरच्या माणसाशी झालेला तेवढाच संबंध.

आपल्या मनाची टोचणी शमावी म्हणून आईवडिलांना त्यांच्या गावातून उपटू नये. आपण जावं, पुन्हा पुन्हा जावं. मी वर्षातून तीनदा जातो, रजा त्यासाठीच राखून ठेवतो.

हिमगौरी

पूर्ण असहमत.

तुम्ही सहा महिन्यांवर निकाल दिलात, आणि तेही कुठले सहा महिने? ऑक्टोबर ते मार्च! मी स्वतः ब्रॅम्प्टनला आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात रोज रडत होते. तेव्हा मला कुणी म्हणालं नाही की तुझं इथे जमणार नाही, परत जा. तरुण माणसाला रुळायला दोन वर्षं देतो, मग आईला का नाही?

माझी आई सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या खास दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आहे. कॅनडाने हा व्हिसा २०११च्या शेवटी सुरू केला आणि २०२२च्या जुलैपासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण देणारा आरोग्यविमा काढावा लागतो, तो महाग आहे, आणि वयाबरोबर हप्ता वाढत जातो. आम्ही त्यासाठी गाडी बदलली नाही.

आईला आता इथे तिसरं वर्ष. बर्फाचे बूट स्वतः चढवते, बसचा नंबर पाठ आहे, देवळात दर गुरुवारी पोळ्या लाटणाऱ्या बायकांत तिचा पाट ठरलेला आहे. शेजारच्या पंजाबी मावशींशी ती हिंदीत बोलते, त्या पंजाबीत, आणि दोघी मिळून गाजर किसतात. माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिचं मराठी माझ्याहून चांगलं आहे कारण ते आजीचं आहे. "अगं बाई" इतकं अचूक जागी म्हणते!

आणि इथे येण्याआधी तिचं काय चाललं होतं? ठाण्यात आमच्या इमारतीत आठ घरं, त्यांतली पाच बंद. सगळ्यांची मुलं बाहेर. संध्याकाळी तिच्या मजल्यावर दिवा लागायचा तो तिचा एकटीचाच. माणसांनी भरलेलं गाव म्हणून जे तुम्ही रंगवता ते सगळ्यांच्या वाट्याला नसतं.

शेवटी एक विचारते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे. रेडिंगहून आईला तिथे किती वेळा नेलंत?

रेडिंगकर

@हिमगौरी, एकदा. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि लागला. हिवाळ्याचा मुद्दाही मान्य. पण देवळातल्या पोळ्यांपर्यंत पोचायला गाडीने सोडणारं कुणीतरी, शेजारी हिंदी समजणारं कुणीतरी लागतं. ब्रॅम्प्टनमध्ये ते आहे, माझ्या गल्लीत नाही.

सांगलीची_धाकटी

धागा दोनदा वाचला. त्यात एक माणूस कुठेच नाही: जो आईच्या गावात राहतो तो.

माझा भाऊ जर्मनीत आहे. आई मिरजेत, मी सांगलीत, मध्ये जेमतेम दहा किलोमीटर. दादाचंही अगदी तुमच्यासारखंच मत आहे, "आईला तिच्या घरातच राहू दे." ऐकायला किती छान वाटतं. पण तिला तिच्या घरात राहू देण्यासाठी कुणाला काय काय करावं लागतं ते एकदा लिहिते.

वडील शिक्षक होते, आईला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षी यंत्रावर बोट ठेवलं, उमटलं नाही. भांडी घासून, पीठ मळून म्हाताऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा पुसट होतात. तिने पदराला बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. मग दुसरं बोट. मग डावा हात. मागे रांग उभी. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मी आहे की नाही, हे आता तूच सांग त्यांना." शेवटी माझ्या मोबाईलवर चेहरा दाखवून ते काम झालं, पण माझी एक रजा गेली. अशा वर्षाला किती जातात? रक्त तपासणीची, मोतिबिंदूच्या तपासणीची, गॅसची, घरपट्टीची, गळणाऱ्या टाकीची.

रविवारी दादा व्हिडिओ कॉल करतो. "बरी आहेस ना?" आई म्हणते, "हो." त्या "हो"च्या मागचा सगळा आठवडा माझ्याकडे असतो. तिला रात्री दीडला चक्कर आली होती, मी स्कूटर घेऊन गेले होते, हे ती त्याला सांगत नाही, आणि तूही सांगायचं नाहीस असं मला बजावते.

दादाचं आईवर प्रेम नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पैसे तो न मागता पाठवतो. पण मला पैसे नकोत, मला वर्षातून पंधरा दिवस असे हवेत की फोन वाजला तर तो माझा नसेल. दादा येतो तेव्हा घरात सण असतो. आई चार किलो चकली करते, आणि ती भाजणी दळून आणायला मीच जाते.

एडिसनवासी

@सांगलीची_धाकटी, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आम्ही दोघंही "दादा" आहोत.

अमेरिकेची बाजू मांडतो, कारण इथे दार उघडं आहे आणि तरी अडचण आहे. मूल २१ वर्षांवरचं आणि नागरिक असेल तर आईवडिलांच्या ग्रीन कार्डाला वार्षिक मर्यादा नाही. आम्ही तेच केलं. पण ते कार्ड टिकवायला इथे राहावं लागतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न, आणि आधी परवानगी न घेता वर्षभर बाहेर राहिलं की कार्डच धोक्यात. मेडिकेअर या इथल्या सरकारी आरोग्यविम्यासाठी ६५ वर्षं पूर्ण हवीत, आणि इथे नोकरी न केलेल्यांना सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय पैसे भरूनही ते विकत मिळत नाही. परिणाम असा की माझे आईवडील धड इथले नाहीत, धड नागपूरचे नाहीत. एप्रिलमध्ये येतात, थंडी सुरू होण्याआधी जातात. सामानाच्या अर्ध्या बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बाबांच्या हातची बाग दर वर्षी जळते.

म्हणून माझं मत असं: आणायचं तर पुरतं आणा, नाहीतर व्हिजिटर व्हिसावर मोकळेपणाने येऊ-जाऊ द्या. कार्डासाठी माणसांना फेऱ्या मारायला लावू नका. आम्ही ती चूक केली आहे.

निवृत्त_मास्तर

मी ७४ वर्षांचा, राहणार नाशिक. मुलगा सिएटलजवळ, मुलगी बंगळुरूला. सर्वांचे प्रतिसाद वाचले. सगळेच कळकळीने लिहिता, त्याबद्दल शंका नाही.

पण तुमची क्रियापदं बघा. नेणं, आणणं, ठेवणं, सोडणं. आम्ही संदूक आहोत का? मूळ लेखात आईला काय वाटलं हे कुठेही आलेलं नाही. ती खिडकीत उभी होती हे आलं. ती काय म्हणाली?

आम्हा दोघांना नाशिक सोडायचं नाही. तसं आम्ही मुलांना बसवून, चहा पिता पिता, स्पष्ट सांगितलं. आणि दोन मागण्याही सांगितल्या. पहिली, फक्त दिवाळीत किंवा लग्नाला येऊ नका. एखाद्या साध्या जुलैत या, जेव्हा काहीच नसतं. पाऊस बघू, भजी खाऊ, कपाटातली कागदपत्रं लावू. दुसरी, आमच्यापासून काही लपवू नका. नातवाचा हात मोडला ते आम्हाला प्लास्टर निघाल्यावर कळलं. "तुम्हाला काळजी नको म्हणून." अहो, काळजी करणं हाच तर आमचा हक्क उरला आहे!

अर्थात मीही न्हाणीघरात घसरलो होतो ते महिनाभर सांगितलं नव्हतं. तेव्हा हा नियम दोन्ही बाजूंना लागू.

मेलबर्नची_मुक्ता

मास्तर, नमस्कार. तुमचं पटलं, पण मूळ लेखातल्या एका गृहीतकाबद्दल बोलायचं आहे. "आईचं घर तिथे आहे." किती दिवस?

आमची पुण्यातली सोसायटी पुनर्विकासाला गेली. बहुतेक सभासदांनी होकार दिला, आईनेही सही केली, कारण लिफ्ट नव्हती आणि तिसरा मजला चढवत नव्हता. आता ती ७८व्या वर्षी बावधनला भाड्याच्या घरात आहे. बिल्डर भाडं देतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाळीस वर्षांचा शेजार सात दिशांना पांगला. समोरच्या काकू मुलीकडे गेल्या त्या गेल्याच. जुन्या घराची चावी आईने अजून पर्समध्ये ठेवलीय. ते दार आता जगात नाही.

तर जे गाव आपण "त्यांचं" म्हणतो ते त्यांच्या पायाखालून निघतंय. अशा वेळी मुलीजवळ असणं जास्त शहाणपणाचं नाही का? ऑस्ट्रेलियात साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे आईच्या बाबतीत ती असून नसल्यासारखीच. मी तात्पुरता पालक व्हिसा बघतेय, तीन किंवा पाच वर्षांचा, मिळून जास्तीत जास्त दहा. नवीन इमारत होईपर्यंत तरी. ती "बघू" म्हणते. तिचं "बघू" मला अजून नीट वाचता येत नाही.

रेडिंगकर

सगळ्यांचे आभार. मत बदललेलं नाही, पण लिहिताना काय सुटलं ते कळलं.

@निवृत्त_मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून काल आईला फोन केला आणि पहिल्यांदाच सरळ विचारलं, तुला काय हवंय? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उन्हाळ्यात येईन. तीन महिने. पण तुझ्या शेगडीवर नाही, एक साधी गॅसची घे." आमच्या घरात गॅसची जोडणी नाही, बागेत चालणारी छोटी सिलिंडरची शेगडी मिळते, ती आणतोय. म्हणजे तिला यायचंय. कायमचं नाही, पण यायचंय. मी तेवढंही ऐकलं नव्हतं.

@सांगलीची_धाकटी, माझी धाकटी बहीण चिंचवडला राहते. पूर्ण लेखात तिचा एका ओळीत उल्लेख नाही, आणि "वर्षातून तीनदा जातो" हे मात्र मी अभिमानाने लिहिलं. काल तिला विचारलं, या वर्षी आईसाठी किती रजा घेतल्यास? तिने मोजल्या नव्हत्या. मोजून सांगितल्या, अकरा. ते बोलताना तिचा आवाज बदलला आणि मला पुढे काही सुचेना. नोव्हेंबरमध्ये दोन आठवडे मी येतोय, हयातीचा दाखला, डोळ्यांची तपासणी, सगळं मी करतो असं तिला म्हटलंय.

@हिमगौरी, तुमच्या आईची गोष्ट खरी आहे आणि माझ्या आईचीही. इथे आपलं एकमत होणार नाही.

हिमगौरी

नको होऊ दे. पण उन्हाळ्यात आणाल तेव्हा मंडळात न्या, आणि त्या कुत्रेवाल्या आजोबांना एकदा चहाला बोलवा.

सांगलीची_धाकटी

रेडिंगकर, नोव्हेंबरची तिकिटं काढण्याआधी तारखा बहिणीला विचारा. आणि ते दोन आठवडे ती कुठेतरी बाहेरगावी जाईल असं बघा. ती चिंचवडलाच असली तर आई फोन तिलाच करणार.