प्रतिसाद: मुलामा घासून बघू नका, बूड बघा

वर विचारलंय की सोन्याचा मुलामा दिलेली जुनी बुद्धमूर्ती एवढी महाग का आणि ती घासून चमकवली तर किंमत वाढेल का. घासू तर अजिबात नका! जुना मुलामा म्हणजे सोनं पाऱ्यात कालवून धातूवर लावायचं आणि तापवून पारा उडवून टाकायचा, कारागिरांनी जीव धोक्यात घालून केलेलं काम आहे ते, आणि गुडघ्यावर वगैरे तो झिजलेला असतो तीच तर मूर्तीच्या वयाची खूण. तिबेटी मूर्तींत चेहऱ्यावर थंड सोनं (म्हणजे न तापवता, रंगासारखं लावलेली सोन्याची पूड) रंगवतात नि केसांना निळा रंग देतात, घासलं की तो आधी जातो.

मूर्ती उलटी करून बूड नक्की बघा. आत मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या, धान्य असं भरून पत्र्याने बंद करतात, त्यावर बऱ्याचदा दुहेरी वज्र (एकमेकांवर आडवी-उभी ठेवलेली दोन वज्रं) कोरलेलं असतं. पत्रा शाबूत असेल तर उघडू नका प्लीज, ती प्राणप्रतिष्ठा आहे.

चीनच्या योंगल बादशहाच्या काळातल्या (१४०३-१४२४) मूर्तींवर सहा चिनी अक्षरांचा, त्या काळाचं नाव सांगणारा लेख असतो, तिबेटी पद्धतीने डावीकडून उजवीकडे. अशीच एक शाक्यमुनींची (म्हणजे गौतम बुद्धांची) मूर्ती २०१३ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २३ कोटी ६० लाख हाँगकाँग डॉलरला गेली, म्हणून त्या लेखाच्या नकलाही भरपूर होतात, नुसत्या लेखावर भुलू नका.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूर्ती आली कुठून ते, कारण नेपाळमधल्या विहारांतून आणि देवळांतून कितीतरी मूर्ती चोरीला गेल्यात, ज्यांची तिथे रोज पूजा व्हायची. विकणाऱ्याकडे जुनी कागदपत्रं नसतील तर कितीही सुंदर असली तरी घेऊ नका.