अनुभव धागा : तंबूवरचं पाणी शेवटी गेलं कुठे?

नाशिककर गोदावरीचा पूर मोजतो तो नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं. मी एकदा स्वतःच्या पाठीवरून मोजला.

जुलै महिना, हरिहर गडाचा पायथा, निरगुडपाड्याची बाजू. चौघे होतो. जागा मीच निवडली, सपाट, मऊ, हिरवीगार. ती एवढी हिरवी का, हा प्रश्न मला रात्री दोन वाजता पडला. आजूबाजूचं पाणी येऊन बसायची जागाच ती. पण खरी चूक त्याच्याही पुढची. वरचं कापड एक थेंब गळलं नाही. खाली अंथरलेली ताडपत्री मात्र मी तंबूच्या तळापेक्षा वीतभर बाहेर काढून ठेवली होती, चपला ठेवायला बरी म्हणून. कापडावरून ओघळलेलं पाणी त्या वीतभर पट्टीवर पडायचं आणि तिथून सरळ आमच्या पाठीखाली. आता ताडपत्री चारी बाजूंनी आत दुमडतो, तंबूपेक्षा चार बोटं लहानच.

गळक्या तंबूंच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्यात. न गळणाऱ्या तंबूवरून खाली उतरलेल्या पाण्याचं तुम्ही काय केलंत, ते लिहा. तंबूच हवा असं नाही. राहुटी, मांडव, शेतातली खोपी, काहीही चालेल.

सिडकोहून

काजवे बघायला घोटीवरून भंडारदऱ्याला गेलो होतो, जूनचा पहिला आठवडा. झोपायचे तंबू ठीक होते. स्वयंपाकावर बारा बाय अठराची ताडपत्री बांधली, चारही कोपरे एका उंचीवर, अगदी लग्नाच्या मांडवासारखी सरळ. आमच्या ह्यांना त्याचं फार कौतुक. वळीव आला आणि पंधरा मिनिटांत ताडपत्रीला पोट सुटलं. भाच्याने उलथण्याच्या दांड्याने ते पोट खालून वर ढकललं. सगळं पाणी पिठल्यात, शेगडीवर आणि माझ्या डोक्यावर.

घरी येऊन हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची ताडपत्री साधारण वीस चौरस मीटरची. म्हणजे चाळीस मिलिमीटरची एक सर आली तर आठशे लिटर, गच्चीवरची टाकी जवळजवळ भरली! ते पाणी डोक्यावर टांगून आम्ही कांदा चिरत बसलो होतो.

आता मधून एक दोर ताणून आढं करते, आणि एक कोपरा बाकीच्यांपेक्षा हातभर खाली ओढते. त्याच कोपऱ्याखाली बादली. भांडी घासायला तलावापर्यंत जावं लागत नाही.

घोटीजवळच्या एका गावातून

ताई, तुमचं आढं बरोबर. आमच्याकडे भातखाचराच्या राखणीला खोपी असते, तिला वरून पळसाची पानं नाहीतर गवत, हल्ली प्लास्टिक. बाबा म्हणायचे, खोपीचं छप्पर कोणीही शाकारील, पागोळ्या कुठं पडतात ते आधी बघ. पागोळीचं पाणी एका रेषेत पडतं, तिथं माती उकरली जाते आणि चिखल उडून भिंतीला लागतो. आम्ही त्या रेषेवर पेंढा नाहीतर बारीक दगड टाकतो. शिंतोडा मरतो.

दुसरं म्हणजे वरच्या अंगाचा चर. शहरातली पोरं तंबूभोवती गोल चर खणतात. गोल चर भरला की सगळं पाणी आतच येणार. चर फक्त चढाच्या बाजूला, अर्धचंद्रासारखा, आणि त्याची दोन्ही तोंडं उताराला मोकळी. इगतपुरी-घोटीकडचा पाऊस असा की खणलेला चर रात्रीत दोनदा उपसावा लागतो, कारण गाळ बसतो.

गंगापूर रोडहून

काका, खोपीला चर ठीक, ती तुमच्या शेतात आहे. गडावर किंवा जंगलात कृपा करून कोणी खणू नका. मी आठ-दहा वर्षं मुलांना घेऊन ट्रेकला जातो. एका पठारावर कोणीतरी खणलेले चर पुढच्या वर्षी घळीएवढे झालेले पाहिलेत. आपल्याकडे कातळावर मातीचा थर जेमतेम वीतभर. तो उचकटला की पाणी त्याच वाटेने पळतं आणि माती घेऊन जातं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड तर अभयारण्य आहे.

चर नको असेल तर जागा निवडायला वेळ द्या. मी बाटलीतलं पाणी जमिनीवर ओततो आणि बघतो कुठे जातं. मुलं हसतात, हसू देत. तंबूचं दार उताराकडे, पाठ वाऱ्याकडे. झडीचा पाऊस आडवा येतो, छपराला तो विचारत नाही.

आणखी एक. नायलॉनचं कापड भिजलं की सैल पडतं. वरचं कापड आतल्या कापडाला टेकलं की ओल आत उतरते, आणि लोक म्हणतात तंबू गळका निघाला. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने बाहेर येऊन दोऱ्या पुन्हा ताणायच्या. कंटाळा येतो, मलाही येतो.

पंचवटीहून

२०१५ च्या सिंहस्थात तपोवनाच्या बाजूला एका अन्नछत्रात सेवेला होतो. सप्टेंबरच्या पर्वणीला पाऊस आला. काळी माती, त्यावर तंबूला तंबू लागून. आमच्या मांडवाचं पाणी आणि शेजारच्यांचं पाणी, दोन्ही मधल्या हातभर बोळात. बोळाला उतारच नाही! तासाभरात तिथे ओढा, आणि ओढा आमच्या पिठाच्या गोण्यांकडे. शेजारच्या मांडवातले म्हणाले, पाणी तुमचं. आम्ही म्हणालो, तुमचं. दोघांचंही होतं. एक साधूबाबा आले, दोन्ही कापडांच्या कडा एकमेकांवर चढवल्या, मध्ये झोळ पाडला आणि झोळाचं एक टोक बांबूवर उचललं. कापडाचीच पन्हळ झाली. सगळं पाणी एका टोकाला, रस्त्याकडच्या गटारात. मग गोण्यांखाली फळ्या घातल्या आणि चालायच्या वाटेवर मुरूम टाकला.

मांडव घालणाऱ्याला हे आधी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, कापड एकदम वॉटरप्रूफ आहे साहेब. होतंच की, त्यात त्याची चूक नाही. आता पुन्हा सिंहस्थ आहे, ज्यांचे मांडव उभे राहणार आहेत त्यांनी बोळाचा उतार आधी बघावा.

निफाडहून

२६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट. द्राक्षाचं काय झालं ते वेगळं सांगत नाही. बागेच्या कडेला पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबं पालं टाकून होती. गारा प्लास्टिकवर साचल्या, वितळेनात, पाण्यासारख्या ओघळेनात. चपटी पालं सगळी बसली. एकच टिकलं, त्या म्हाताऱ्या बाबांनी छप्पर खड्या उताराचं केलेलं. बाकीच्यांना शेडमध्ये आणलं. रात्रभर चहा चालू होता. बाबांना विचारलं, एवढा उतार कशाला केला होता? म्हणाले, आमच्याकडं असंच करतात.

सातपूरहून

छोटीशीच भर. तंबूच्या दोरीवरून पाणी आत उतरतं, हे कोणी लिहिलं नाही. ताडपत्री दोरावर टाकली असेल तर दोर झाडाकडून पाणी घेऊन येतो, आत आला की थेंब थेंब अंथरुणावर. ताडपत्रीच्या जरा अलीकडे दोराला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडा. पाणी त्या सुतळीवरून खाली जातं. जुनी बुटाची नाडीही चालते.

त्र्यंबकेश्वरहून

मी निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर सहा वेळा चालले. आमच्या दिंडीत जाड सुती राहुट्या. पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावायचं नाही, हा पहिला नियम. जिथे बोट लागेल तिथून पाझरायला लागतं. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. मी आपली कापडाला टेकून जप करत बसले. सकाळी आमच्या विणेकरी मामांची वळकटी भिजलेली, कारण पाझर माझ्या पाठीपासून सुरू होऊन त्यांच्या उशीपर्यंत गेला होता. मामा काही बोलले नाहीत. पुढच्या मुक्कामाला मात्र माझी वळकटी त्यांनी उचलून राहुटीच्या बरोबर मधोमध, खांबाला लावून ठेवली.