विस्टेरियाला फुले येण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातील आमच्या अंगणात, तांबड्या मातीत लावलेला चिनी विस्टेरियाचा वेल मांडवभर पसरला आहे आणि त्याचे खोड मनगटाएवढे जाड झाले आहे, परंतु त्याला अद्याप एकही कळी धरलेली नाही. हा वेल शेंगवर्गीय असल्याने नत्र जास्त झाले की नुसता पाला माजतो, आणि बियांपासूनच्या रोपाला फुलायला 10 ते 15 वर्षेही लागू शकतात, हे ठाऊक आहे. आमचे रोप मात्र कलमी असून त्याला दिवसभर ऊन मिळते. बेळगावकडील सौम्य थंडी कळ्या धरण्यास पुरते का, आणि पावसाळ्यानंतरच्या छाटणीत लांबलेल्या फांद्या किती डोळ्यांवर राखाव्यात? (शेंगा व बिया विषारी असल्याने गोठ्याची बाजू टाळली आहे.) सीमाभागात कोणाकडे हा वेल फुलला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.